अकोला नाक्यावरचं सील

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालात हात घालून पोट भरलं. कुणाला भलता संशय येऊ नये म्हणून लगेच सांगतो, मी जकात खात्यात होतो. अमरावतीच्या नगरपालिकेत कारकून म्हणून लागलो आणि निरीक्षक म्हणून बाहेर पडलो. आज जकातही गेली आणि नाकेही गेले. माझी नात मुंबईला कस्टमच्या कामात आहे. परवा ती सांगत होती, आता शेजारशेजारचे देश मिळून कंप्युटरची एकच साखळी करतात. एका देशात माल सीलबंद झाला की तो पोचायच्या आधी त्याची खबर पुढच्या देशात जाते, मधे कोणी तो उघडत नाही. एखाद्या नव्या देशाला या साखळीत घ्यायचं तर आधी त्याची तयारी करून घ्यावी लागते, त्यासाठी माणसं तिथे जाऊन राहतात.

मी तिला म्हटलं, हे काम मी केलं आहे. देश नव्हते, गावं होती. अमरावतीपासून खामगावपर्यंतची. आणि कंप्युटरच्या जागी काळा टेलिफोन होता, लागला तर.

जकात म्हणजे गावात विकायला किंवा वापरायला येणाऱ्या मालावरचा कर. गावातून नुसता पुढे जाणाऱ्या मालावर तो नसतो. पण हा माल पुढेच जाणार, गावात गुपचूप उतरणार नाही, हे कशावरून? सगळी भानगड या एका प्रश्नात होती. आमच्या वेळी याचं उत्तर सोपं आणि दुष्ट होतं. ट्रक नाक्यावर थांबायचा. ताडपत्री सुटायची, नाक्यावरचे हमाल माल खाली उतरवायचे, कारकून मोजायचा, हमाल परत भरायचे. मग ड्रायव्हरशेजारी आमचा शिपाई बसायचा आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या नाक्यावर ट्रक बाहेर पडलेला पाहून पायी परत यायचा. हे अमरावतीला झालं की बडनेऱ्याला, मग मूर्तिजापूरला, मग अकोल्याला, मग बाळापूरला. मोर्शीकडचा एक संत्रेवाला होता, तो म्हणायचा, माझी संत्री खामगावला पोचेपर्यंत एवढ्या हातांतून जातात की तिथे मी संत्री विकत नाही, रस विकतो. तो हे हसत सांगायचा, पण त्याच्या ट्रकखाली खरोखरच रस ठिबकत असायचा.

व्यापाऱ्यांनी पुष्कळ ओरड केल्यावर गावागावांच्या पालिकांनी ठरवलं की एकाच नाक्यानं माल तपासावा, ताडपत्रीच्या दोरीच्या गाठीवर शिशाचं सील मारावं आणि पुढच्या नाक्याला फोन करावा. पुढच्यांनी फक्त सील पाहायचं आणि वाट मोकळी करायची. महाराष्ट्र होऊन थोडाच काळ झाला होता, मण-शेर जाऊन किलो आणि क्विंटल येत होते, सगळंच नवं होतं. नाके या योजनेसाठी तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी वयानं लहान आणि नोकरीत कच्चा होतो. मोठ्यांपैकी कुणाला ते नको होतं, हे मला नंतर कळलं.

मी मूळचा तेल्हाऱ्याकडचा. बाप जिनिंगमध्ये कापूस ओढायचा. छप्पन सालानंतर आमच्या घरात बुद्धाची तसबीर आली आणि त्याच सुमारास घरातली पहिली सरकारी म्हणावी अशी नोकरी माझ्या रूपानं आली. ती टिकवणं हे माझं पहिलं काम होतं, जकात दुसरं.

सुरुवात मालाच्या नावांपासून करावी लागली. एका गावात सरकीची ढेप गुरांच्या चाऱ्यात धरायचे, दुसऱ्या गावात तेलघाणीच्या मालात. एकदा एक सर्कस या रस्त्यानं गेली. तिच्या उंटाला एका नाक्यानं जनावर म्हणून सोडलं, दुसऱ्यानं वाहन म्हणून अडवलं, आणि तिसऱ्या नाक्यावरच्या कारकुनानं तो करमणुकीचं साहित्य आहे असं ठरवलं. सर्कशीचा मॅनेजर मला म्हणाला, साहेब, उंटाला तरी विचारा. तेव्हा सगळ्या गावांसाठी एका मालाला एकच नाव ठरवत मी बसलो. त्यात माणसं जेवढी भांडली तेवढी नंतर कशावरून भांडली नाहीत.

नावांवर भांडण असलं तरी तोड निघत होती. भरवशावर तोड निघेना. अकोल्याच्या मूर्तिजापूर रस्त्यावरच्या नाक्यावर नारायणराव गावंडे नाकेदार होते. उंच, सडपातळ, बोलायला कोरडे. घरची काळ्या मातीची शेती असल्यामुळे नोकरीची भीती नसलेला माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तायडे, अमरावतीच्या शिशावर अकोल्यानं काहून भरवसा ठेवायचा?"

मी जे पाठ केलं होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की भरवसा नाही, पण हुकूम आला तर पाळीन, आणि पाळीन तर पुरा पाळीन. सगळ्यांत कडक नियम त्यांनीच माझ्याकडून घालून घेतला. सील ज्या नाक्यानं मारलं त्यानं किंवा माल जिथे उतरणार तिथल्या नाक्यानंच तोडायचं, मधल्या कुणी त्याला हात लावायचा नाही. लावला तर तो चोर. नियम मला बरोबर वाटला. मीच तो प्रत्येक नाक्यावर जाऊन शिकवला.

दुसरा विरोध हमालांचा होता, आणि त्याच्यापुढे माझं तोंड चालत नव्हतं. अकोला नाक्यावरच्या हमालांचे पुढारी जयराम इंगळे. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. हमालांचा लोखंडी आकडा सदैव त्यांच्या खांद्याला लटकलेला असे. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. एका सकाळी ते मला नाक्यामागच्या बाभळीखाली घेऊन गेले.

"जयभीम, साहेब. तुमी आपल्यातले, म्हनून इचारतो. माल उतरवायचा नाही, चढवायचा नाही, तर आमी काय करायचं?"

मी म्हटलं, गावात उतरणारा माल आहेच की. ते म्हणाले, गावच्या मालाला गावचे हमाल आहेत, आम्ही रस्त्याच्या मालाचे. मग मी म्हटलं, वर बोलून बघतो. ते मान डोलावून निघून गेले. वर बोलून काही होणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

हंगाम सुरू झाला आणि योजना चाचणीवर लागली. अमरावती आणि अकोला, दोन्ही पालिकांत तिच्यावर टपून बसलेले सभासद होते. एक जरी सील तुटलेलं सापडलं तरी हे खूळ बंद करू, असं त्यांनी उघड सांगितलं होतं. मी रोज या नाक्यावरून त्या नाक्यावर एसटीनं फिरत होतो. पहिले आठवडे नीट गेले. संत्र्यांचे ट्रक न थांबता जाताना पाहून मला आनंद व्हायचा, आणि नाक्याच्या भिंतीला पाठ लावून बसलेले हमाल दिसले की तो जायचा.

थंडीच्या दिवसांतली दुपार होती. मी अकोल्याच्या नाक्यावर होतो. कापसाच्या बैलगाड्यांची रांग बाजारात सोडायची वाट पाहत रस्त्याकडेला लांबवर उभी होती. बैल सोडलेले, गाड्या जुवावर टेकलेल्या, गाडीवान शिदोऱ्या सोडून बसलेले. गाड्यांवर सुटा कापूस डोंगरासारखा भरलेला. अमरावतीहून रुईच्या, म्हणजे सरकी काढून दाबलेल्या कापसाच्या, गाठींचा एक ट्रक निघाल्याचा फोन सकाळीच आला होता. तो खामगावला जायचा होता. ट्रक आला तो फार हळू आला, आणि बरोबर गाड्यांच्या रांगेच्या तोंडाशी थांबला.

ड्रायव्हर इस्माईलभाई खाली उतरले. ट्रक त्यांचा स्वतःचा होता, आम्ही सगळे त्यांना ओळखत होतो. त्यांनी मोठ्यानं काही सांगितलं नाही. माझ्या जवळ येऊन म्हणाले, "साहेब, बडनेऱ्यापासून जळका वास येऊन राहिला. मी मूर्तिजापूरच्या नाक्यावर सांगितलं होतं. ते म्हणे, सील पक्कं हाय, जाय पुढं."

मी ट्रकच्या मागे गेलो. सील खरोखरच जागेवर होतं. त्याच्या वर, ताडपत्रीच्या शिवणीतून धुराची एक बारीक रेघ निघत होती.

कापूसवाल्या घरातला असल्यामुळे मला त्या रेघेचा अर्थ कळला. रुईच्या दाबलेल्या गाठीची आग भडकत नाही, आतल्या आत सरकत राहते. कुठूनशी एक ठिणगी शिरली की ती गाठीच्या पोटात तासन् तास पोखरत जाते. ताडपत्री काढली की हवा लागून भडकते, न काढली तर शेजारच्या गाठींत उतरते आणि शेवटी डिझेलच्या टाकीपर्यंत जाते. आणि हे सगळं सुट्या कापसाच्या गाड्यांपासून हाताच्या अंतरावर चाललं होतं. वारा गाड्यांकडे होता.

मी आत धावलो. गावंडे रिसीव्हर कानाला लावून बसले होते. त्यांनी धूर खिडकीतून पाहिला होता.

"अमरावतीले इचारतो," ते म्हणाले. "सील त्यायचं हाय."

मी म्हटलं, लाइन मिळेपर्यंत काही उरणार नाही.

"तुमीच शिकवलं मले, तायडे. दुसऱ्याच्या सीलले हात लावायचा नाही." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. रिसीव्हर मात्र त्यांनी सोडला नाही. "खामगावचा फोनही सांगितला. दोन्ही लागून नाही राहिले."

मीही अमरावतीचाच होतो, पण अमरावतीच्या नाक्याचा नव्हतो. सील तोडायचा अधिकार नियमात मला कुठेच नव्हता. तोडलं तर योजना त्याच दिवशी संपणार आणि माझी कच्ची नोकरीही. तेल्हाऱ्याच्या घरी माझ्या पगारावर जेवणारी तोंडं डोळ्यांपुढे आली. खोटं कशाला सांगू, तिथे दारात मी थोडा वेळ नुसता उभा राहिलो.

बाहेर कुणीतरी धूर ओळखला होता. गाडीवान बैलांकडे धावले, बैल बुजले, एक गाडी आडवी झाली. आता रांग हलवणं शक्य नव्हतं. हलवायचा तर ट्रकच. नाक्यापासून थोडं पुढे, शेताच्या पलीकडे मुरमाची जुनी खदान होती, तिच्या तळाशी पावसाचं पाणी साचलेलं असायचं. मी इस्माईलभाईंना खदान दाखवली.

त्यांनी गाड्यांकडे पाहिलं, मग ट्रककडे. "मी नेतो. तुमी मानसं हटवा," एवढं म्हणून ते वर चढले.

त्यांनी तो ट्रक ज्या चालीनं नेला ती मला अजून दिसते. जोरात नेला असता तर वाऱ्यानं आग फुलली असती, म्हणून पाठीमागे धुमसणारा ढीग घेऊन हा माणूस बैलगाडीच्या चालीनं शेतातून चालला होता. त्यांनी दार उघडं ठेवलं होतं आणि एक पाय बाहेर काढला होता. मी ट्रकच्या बाजूनं पळत होतो. मागे वळून पाहिलं तर सगळे हमाल आमच्या मागे येत होते. नाक्याच्या खिडकीत गावंडे अजून रिसीव्हर धरून उभे होते.

खदानीच्या कडेला ट्रक थांबला. ताडपत्रीचा एक कोपरा तोवर काळा पडला होता. हमाल येऊन थोड्या अंतरावर उभे राहिले. कुणी पुढे येईना.

मी म्हटलं, "काका, गाठी खाली ओढा लागते."

जयरामकाकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण सरळ पाहिलं. "सीलचा माल हाय ना? आमाले हात लावायची बंदी हाय."

ती बंदीही मीच घातली होती. मी म्हटलं, सील मी तोडतो.

"आधी तोडा," ते म्हणाले.

इस्माईलभाईंनी सीटखालून सुरा काढून दिला. मी दोरी कापली. सील खाली मातीत पडलं तेव्हा त्याचा आवाजही झाला नाही. मग ताडपत्री ओढली आणि मधल्या गाठीतून जाळ वर आला, माणसाच्या उंचीएवढा. मी मागे पडलो. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. जयरामकाका वर होते. त्यांचा आकडा गाठीच्या तरटात रुतला होता, आणि दुसऱ्या बाजूनं आणखी एक जण लावत होता. गाठ जागची हलत नव्हती. काका शांतपणे खालच्यांना सांगत होते की पाठ वाऱ्याकडे ठेवा, तोंड बांधा. शेवटी गाठ हलली, कड्यावरून कलंडली आणि खदानीच्या पाण्यात पडली. पाणी फसफसलं. तिच्यामागून शेजारच्या दोन गेल्या. मग उरलेल्या गाठी त्यांनी एकेक करून मोकळ्या मातीवर उतरवल्या आणि प्रत्येकीला हात लावून गरम आहे का पाहिलं. इस्माईलभाईंचा ट्रक मागच्या फळ्या जळून काळा झाला, पण वाचला. गाड्यांकडे एक ठिणगीही गेली नाही.

सगळं झाल्यावर मला दिसलं की जयरामकाका उजवा हात छातीशी धरून बसले होते. गाठीची तापलेली लोखंडी पट्टी त्यांच्या दंडाला चिकटली होती. कातडी तिच्याबरोबर निघाली होती. इस्माईलभाई त्यांच्यावर पाणी ओतत होते आणि रडत होते.

पुढच्या आठवड्यात अकोल्याला चौकशी बसली. दोन्ही गावांचे अधिकारी आणि ते टपलेले सभासद होते. मी जे केलं ते सांगितलं. मग गावंड्यांना बोलावलं. मला त्यांची खात्री नव्हती. ते मला वाचवायला एक शब्द खोटा बोलणार नाहीत, हे मात्र माहीत होतं, आणि ते बोललेही नाहीत.

"सील तायडेनं तोडलं," ते म्हणाले. "नियम मोडून तोडलं. मी नियम पाळला, फोन धरून बसलो. फोन संध्याकाळी लागला. आता दोघातलं बरोबर कोन, ते तुमी ठरवा. पन ठरवायच्या आधी त्या गाड्यांची रांग किती लांब होती, ते पाहून या."

अमरावतीचे आमचे साहेब चष्मा पुसत बसले. माझी नोकरी राहिली. योजनाही राहिली, फक्त तिच्यात एक ओळ वाढली. धोका दिसला तर जो हजर असेल त्यानं सील तोडावं आणि मग कळवावं. ही ओळ गावंड्यांनीच सांगितली. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले की अमरावतीच्या शिशावर त्यांचा अजूनही भरवसा नाही, तोडणाऱ्यावर थोडा बसला आहे. त्यानंतर त्यांची बदली होईपर्यंत त्या नाक्यावर मला कधी काही समजावून सांगावं लागलं नाही.

नंतरच्या वर्षांत आणखी गावं आली. चांदूर रेल्वेकडचे नाके आले, मोर्शीची संत्री न दबता जायला लागली. माझी बढती झाली. हे सगळं मी अभिमानानंच सांगतो. पण ज्या माणसांच्या आकड्यांनी ही योजना त्या दुपारी वाचवली, त्यांचं काम तिनं एका हंगामात संपवलं. तरणी पोरं जिनिंगमध्ये लागली, काही मुंबईला गेली. जयरामकाकांना नाक्यावर शिपाई म्हणून घ्यावं म्हणून मी साहेबांना दोनदा भेटलो. वय उलटलं आहे आणि हात अधू आहे, असं उत्तर मिळालं. हात कशानं अधू झाला हे साहेबांना ठाऊक होतं. मी पुन्हा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

जयरामकाका मला शेवटचे दिसले ते तेल्हाऱ्याच्या आठवडी बाजारात. मी सुटीवर गावी आलो होतो. ते सासरी दिलेल्या लेकीकडे राहायला आले होते. सदऱ्याच्या बाहीखाली दंडावरचा चट्टा चकाकत होता. त्यांनीच हाक मारली, जयभीम घातला आणि लेकीला जवळ बोलावलं.

"हे तायडे साहेब," त्यांनी तिला सांगितलं. "यायनं आपलं काम बंद केलं."

जावयाचं नाव सांगावं तसं सांगितलं. लेकीनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि मला वाकून नमस्कार केला. मग काकांनी विचारलं, इस्माईल कसा आहे. मी म्हटलं, दुसरा ट्रक घेतला. त्यांना फार बरं वाटलं. चहा पिऊनच जा म्हणाले, आणि तो चहा त्यांनी मला पाजला.